पाहणी होईपर्यंत

विमा कंपनीच्या दावे विभागात हॅलोताईंचं टेबल अगदी दाराशी होतं, पण त्या दारातून त्यांच्याकडे कधी कुणी आलं नाही. येणारे यायचे ते फोनवरून. कुणाच्या स्वयंपाकघरात आग लागलेली, कुणाच्या छपरावर झाड पडलेलं, कुणाच्या भिंतीतून पाणी धो धो वाहतंय, अशा वेळी माणूस पहिल्यांदा ज्या आवाजाशी बोलायचा तो आवाज हॅलोताईंचा. खरं नाव पगारपत्रकावर होतं. बाकी शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना त्या हॅलोताईच. घरीसुद्धा दारावरची बेल वाजली की त्यांच्या तोंडून आधी 'हॅलो' निघायचं आणि मग त्या कडी काढायच्या. नवरा म्हणायचा, "अगं, दूधवाला आहे तो, दावा नाही."

फोन करणाऱ्याला विचारायचे प्रश्न ठरलेले होते. पॉलिसीचा नंबर काय, काय झालं, कधी झालं, कुणाला लागलं का. माणूस रडत असेल तर थोडं रडू द्यायचं, चिडला असेल तर चिडू द्यायचं, आणि शेवटी एक वाक्य सांगायचं: "पाहणी होईपर्यंत कशालाही हात लावू नका." हे वाक्य हॅलोताई फार छान म्हणायच्या. दटावून नव्हे, समजावून. ऐकणाऱ्याला वाटायचं, चला, कुणीतरी आपला भार उचलला. "बरं ताई," म्हणून तो फोन ठेवायचा. पुढे त्या फाईलचं काय झालं हे हॅलोताईंना कधी कळत नसे. त्यांचं काम दार उघडायचं. आत गेलेला जेवून गेला की उपाशी, हे बघायला वेगळी माणसं होती.

स्वभावाने त्या स्वस्थ बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. बिनतारी हेडफोन मिळाल्यापासून तर पायाला भिंगरीच लागली. पलीकडे माणूस जळालेल्या पडद्यांबद्दल सांगत असायचा आणि इकडे ताई टेबलापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून पाण्याच्या कूलरपर्यंत, वाटेत कुणाची फाईल सरळ कर, कुणाच्या कुंडीतलं वाळकं पान तोड, अशा फिरत असायच्या. शेजारच्या टेबलावर चष्मेवाला बसायचा. काम त्याला त्यांनीच शिकवलेलं. तो म्हणायचा, "ताई, दिवसाला तुम्ही जेवढं चालता ना, तेवढ्यात चार घरांची पाहणी करून याल."

पाहणी करणारे गृहस्थ वेगळेच होते. भर दुपारी, सगळ्या खिडक्या उघड्या असल्या तरी, ते भिंतीवर टॉर्च मारून बघायचे, म्हणून त्यांना टॉर्चवाले म्हणत. अर्ध्या शहराला ते एकटे. त्यामुळे ते आज येतो म्हणाले की लोक उद्याची वाट बघायचे आणि उद्या येतो म्हणाले की देवाची.

एका सकाळी डबे भरता भरता वन्संचा फोन आला. वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. सगळी नोकरी मोठ्या इस्पितळात झालेली, निवृत्तीच्या वेळी मेट्रन. आता घरीच असायच्या, पण पलंगपोसाचे कोपरे अजून इस्पितळासारखे दुमडायच्या, आणि नवऱ्याच्या औषधांचा तक्ता फ्रिजवर लावलेला असायचा. घराचा विमा काढा म्हणून त्यांच्या मागे लागल्या होत्या त्या हॅलोताईच.

"वहिनी, वरच्यांचा पाइप फुटलाय. बेडरूमच्या छताचा गिलावा खाली आलाय. गादी भिजली, कपाट भिजलं, आणि हे छत्री घेऊन मध्ये उभे आहेत. काय करू सांग."

"कुणाला लागलं का?"

"यांच्या डोक्यात टेंगूळ. ते काय, आधीपासूनच आहे म्हणा."

"वरचा नळ बंद केला ना? मग पाहणी होईपर्यंत कशालाही हात लावू नका."

"कशालाही?"

"कशालाही, वन्सं." आणि हॅलोताईंनी डब्याचं झाकण लावलं.

दुसऱ्या कुणी हे ऐकून निदान गादी गॅलरीत टाकली असती, फरशी पुसली असती आणि उद्या कुणी विचारलंच तर कानांवर हात ठेवले असते. वन्संच्या लेखी सूचना म्हणजे सूचना. त्यातून ती घरच्या माणसाने दिलेली, आणि घरचं माणूस कंपनीतलं. त्यांनी बेडरूमच्या दाराला बँडेजची पट्टी आडवी बांधली. त्यांच्या यजमानांचा, म्हणजे भाऊजींचा, वाचायचा चष्मा आतच राहिला होता, पलंगाजवळच्या स्टुलावर, दारातून स्पष्ट दिसायचा. "नुसता हात लांब करून घेतो," ते म्हणाले. "हात लावायचा नाही म्हणजे लांब करूनही लावायचा नाही," वन्सं म्हणाल्या. तेव्हापासून भाऊजी बायकोच्या चष्म्याने वर्तमानपत्र वाचू लागले, त्यामुळे घरात एका वेळी एकालाच जगाची खबर असायची. दोघं बाहेरच्या खोलीत सोफ्यावर आणि जमिनीवर आळीपाळीने झोपू लागली.

टॉर्चवाले येईनात. शहराच्या दुसऱ्या टोकाला वादळाने छपरं उडाली होती, ते तिकडे अडकले. हॅलोताईंनी आत दोनदा चौकशी केली. "रांगेत आहे," असं उत्तर मिळालं. आपल्या माणसाला रांगेतून पुढे काढणं त्यांच्या तत्त्वात बसेना, आणि तत्त्व गुंडाळून ठेवलं तरी तेवढी त्यांची पोच नव्हती.

दुसरा पंधरवडा सरत आला तेव्हा त्या वन्संकडे गेल्या. दार उघडताच वास आला, बंद डब्यात विसरलेल्या ओल्या फडक्याचा असतो तसा. बँडेजच्या पट्टीआडून त्यांनी आत डोकावून पाहिलं. गादीवर हिरवट-काळे ठिपके उमटले होते. कपाटाचं दार फुगून चौकटीबाहेर आलं होतं. पडलेल्या गिलाव्याचा चिखल वाळून फरशीला चिकटला होता आणि भिंतीचा रंग भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटला होता.

"वन्सं, अहो, निदान गादी तरी बाहेर काढायची!"

वन्संनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं त्या एके काळी उशिरा आलेल्या नर्सकडे पाहत असतील. "काढायची होती? मग हात लावू नका कोण म्हणालं होतं?"

"मी म्हणाले, पण..."

"वॉर्डात 'पण' नसतो, वहिनी. सांगितलेलं करायचं, आणि चुकलं तर सांगणाऱ्याला विचारायचं."

त्या दिवशी हॅलोताई बसमध्ये बसल्या नाहीत. सीट रिकामी असून दांडी धरून उभ्या राहिल्या आणि आपल्या स्टॉपच्या आधीच उतरून चालत घरी गेल्या.

शेवटी टॉर्चवाले येऊन गेले, आणि काही दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं. ते घेऊन वन्संच भावाच्या घरी आल्या. चहा नको म्हणाल्या, तेव्हाच नवऱ्याने ओळखलं की प्रकरण वाढलंय.

"आले, टॉर्च मारली, नाकाला रुमाल लावला," वन्सं सांगू लागल्या. "मला म्हणतात, 'बाई, एवढं कुजू का दिलंत?' मी म्हटलं, 'तुम्हाला दाखवायला.' तर हसले. आणि हे बघ काय लिहून पाठवलंय. घे, वाच. मोठ्याने वाच, तुझ्या आवाजात चांगलं वाटतं ऐकायला."

हॅलोताईंनी वाचलं. मूळ नुकसान किरकोळ होतं; बाकीचं सगळं, नुकसान वाढू नये म्हणून घरमालकाने वाजवी काळजी न घेतल्यामुळे झालं; सबब दावा किरकोळ भागापुरता मान्य, उरलेला अमान्य.

"ताई, तिचा काय दोष?" नवरा बहिणीला म्हणाला. "कंपनी सांगते तेच ती सांगते."

"तेच तर म्हणतेय मी. कंपनीने सांगितलं, मी ऐकलं. मग निष्काळजी कोण?"

नवरा कुणी न मागितलेला चहा टाकायला उठला. वन्सं मात्र भावजयीवरून नजर काढेनात. "बाबा मला म्हणाले होते, या मुलीचा शब्द खाली पडायचा नाही. नाही पडला, वहिनी. छत पडलं, तुझा शब्द होता तिथेच आहे."

दुसऱ्या दिवशी हॅलोताई साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. साहेब वयाने त्यांच्याहून लहान, बोलायला गोड, आणि कुठल्याही बैठकीला टेबलावर दोन्ही तळवे पालथे ठेवून बसणारे.

"साहेब, आपणच लोकांना सांगतो हात लावू नका, आणि आपणच म्हणतो काळजी घेतली नाही. इकडे आड तिकडे विहीर. घरमालकाने उडी कशात मारायची?"

"आपण सांगतो?" साहेबांनी भुवया उंचावल्या. "कुठे लिहिलंय, मॅडम?"

"लिहिलं कशाला पाहिजे? रोज बोलतो आपण."

"तसं नाही. पॉलिसीत बघा, मालकाने नुकसान आवरायचंय. टेबलासाठीच्या नियमावलीत बघा, चार प्रश्न आहेत, वाक्य नाही. मी स्वतः शोधलं काल, तुमच्या नणंदबाईंचं जाब विचारणारं पत्र आलं तेव्हा." त्यांनी तळवे किंचित उचलून पुन्हा ठेवले. "हे वाक्य कंपनीचं नाही."

"मग इतकी वर्षं मी कुणाचं बोलत होते?"

"तेच मला तुम्हाला विचारायचं होतं," साहेब म्हणाले, आणि ते चिडून म्हणाले नाहीत हे जास्त वाईट होतं.

वाक्य कुणाचं, याचा छडा लावायला हॅलोताई त्याच आठवड्यात आधीच्या बाईंकडे गेल्या. आधीच्या बाई म्हणजे त्यांच्या आधी त्या टेबलावर बसणाऱ्या. हॅलोताईंना काम शिकवलं ते त्यांनीच. आता मुलीकडे राहायच्या. हॅलोताई गेल्या तेव्हा त्या उशांना अभ्रे चढवत होत्या.

"अय्या, ते वाक्य? ते मला माझ्या आधी टेबलावर असलेल्या मोठ्या बाबूंनी सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी. म्हणाले, बाकी काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका."

"आणि त्यांना कुणी सांगितलं?"

"ते आता वर जाऊन विचारावं लागेल." बाईंनी उशी आपटून कोपरे बसवले. "पण गोष्ट सांगायचे एक. कापडाचं गोदाम जळलं होतं म्हणे कुणाचं. व्यापाऱ्याने पाहणीच्या आधी चांगला माल मागच्या दाराने काढून नेला आणि राखेचा दावा लावला. त्या वेळच्या साहेबांनी सगळ्यांना फैलावर घेतलं. तेव्हापासून टेबलावरचा माणूस सांगायला लागला, हात लावू नका. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला."

"पण ते आगीचं होतं हो. राख कुजत नाही. पाण्याचं कसं?"

"आम्ही कुठे एवढा विचार केला? छान वाटायचं ना ते ऐकायला! आणि पाहणीवाल्यांनाही बरं, कधी गेलं तरी सगळं जागच्या जागी." बाई हसल्या, मग हॅलोताईंचं तोंड बघून थांबल्या. "का गं, काय झालं?"

चोर कधीच पळून गेला होता, आणि त्याच्या नावाने इतकी वर्षं सगळे संन्यासी फासावर चढत होते. त्या दोरीचं एक टोक आपल्या हातात होतं, हा विचार हॅलोताईंच्या डोक्यातून जाईना. टेबलावर बसलं की फोन वाजायचा, प्रश्न व्हायचे, आणि वाक्याच्या जागी त्या अडायच्या. हात लावू नका म्हणावं तर माणूस बुडतो. आवरून घ्या म्हणावं तर उद्या टॉर्चवाले विचारणार, पुरावा कुठे गेला. त्या नुसत्या उभ्या राहायच्या आणि पलीकडून माणूसच म्हणायचा, "हॅलो? हॅलो?" चष्मेवाला बघायचा आणि मान खाली घालायचा, कारण तो काय सांगत होता तर तेच, ताईंनी शिकवलेलं. घरी त्या भांडी घासलेली पुन्हा घासायच्या. नवरा म्हणाला, "बस की जरा." त्या बसल्या, आणि बसल्या बसल्या पायाचा अंगठा हलवत राहिल्या.

वन्संनी तोवर वर तक्रार केली होती. विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला शासनाने नेमलेल्या एक अधिकारी बाई होत्या. त्यांच्यापुढे सुनावणी लागली. वन्संनी तक्रारीत साफ लिहिलं होतं की, मला हात लावू नका असं कंपनीच्या माणसाने सांगितलं. त्यामुळे हॅलोताईंनाही हजर राहायला सांगण्यात आलं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी साहेबांनी त्यांना बोलावलं. खुर्ची स्वतः ओढून दिली.

"मॅडम, नणंदबाईंचा फोन तुमच्या घरच्या नंबरवर आला होता, बरोबर? ऑफिसच्या लाईनवर नाही. म्हणजे रेकॉर्डिंग नाही. म्हणजे तुम्ही बोललात ते भावजय म्हणून." ते थांबले. "उद्या एवढंच सांगा. खरंच आहे ते. त्यांचा दावा आपण विशेष बाब म्हणून पूर्ण मंजूर करू. मी वरून परवानगी घेतलीय. तुम्हाला कुणी काही विचारणार नाही. आणि ते वाक्यही आपण हळूच बंद करू."

"आणि ज्यांना आधी सांगितलं ते?"

"कोण? त्यांनी कुठे तक्रार केलीय?"

"आणि मी हे नाही सांगितलं तर?"

"तर मग प्रश्न येतो की एक कर्मचारी इतकी वर्षं स्वतःच्या मनाने लोकांना काय सांगत होता." साहेबांचे तळवे टेबलावर पालथे होते. "मला तो प्रश्न येऊ द्यायचा नाहीये."

हॅलोताई तिथून थेट वन्संकडे गेल्या. आतून त्यांना हायसं वाटलं होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. वन्संचं घर नीट होईल, नोकरी राहील, नणंद-भावजयीतली तेढ जाईल. एकाच दगडात तिन्ही पक्षी, आणि दगडही साहेबांचा. त्यांनी सगळं सांगितलं. भाऊजींनी बायकोचा चष्मा काढून खाली ठेवला. "वा! मग झालं की. उद्या माझा चष्मा बाहेर येईल."

वन्सं बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "वहिनी, वॉर्डात एका खाटेवर चुकीचं औषध गेलं, तर आम्ही काय करायचो माहितीये?"

"काय?"

"त्या एका रोग्याला गुपचूप उतारा देऊन घरी नाही पाठवायचो. त्या बाटलीतलं औषध ज्या ज्या खाटेवर गेलं, ती प्रत्येक खाट तपासायचो. मग ज्या नर्सने दिलं तिची नोकरी राहो न राहो."

"ती नर्स मी आहे, वन्सं."

"माहितीये मला."

"तुम्हाला माझी नोकरी गेलेली चालेल?"

"नाही चालणार," वन्सं म्हणाल्या. "म्हणून तर एवढा वेळ गप्प बसले होते. पण मला विचारशील तर मला ती विशेष बाब नको. मी विशेष नाहीये. मी सांगितलं तसं वागलेली बाई आहे. पुढचं तू बघ."

भाऊजींनी चष्मा उचलून पुन्हा लावला आणि वर्तमानपत्रात तोंड खुपसलं.

सुनावणीची खोली लहान होती. पंखा चालू होता, पण वारा लागत होता तो फक्त कागदांना. अधिकारी बाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. समोरचा लांबण लावू लागला की पेनाने टेबलावर टक् करायच्या. एका बाजूला साहेब आणि टॉर्चवाले, दुसऱ्या बाजूला वन्सं, पाठ ताठ. हॅलोताईंना मधल्या खुर्चीवर बसवलं. त्या बसल्या, उठल्या, "उभी राहून बोलले तर चालेल का?" म्हणाल्या.

"बोला," अधिकारी बाई म्हणाल्या. "हात लावू नका, असं तुम्ही यांना सांगितलंत?"

"हो."

"नात्याने की कंपनीतर्फे?"

साहेबांनी टेबलावरचे तळवे पाहिले. हॅलोताईंनी वन्संकडे पाहिलं. वन्सं भिंतीकडे बघत होत्या, मदत करायची नाही असं ठरवून आल्यासारख्या.

"फोन घरचा होता," हॅलोताई म्हणाल्या. "वाक्य कंपनीचं होतं."

"असं कुठलंही वाक्य कंपनीने..." साहेब सुरू झाले.

टक्. "त्यांना बोलू द्या."

"कागदावर नाही, बाईसाहेब. साहेब खरं बोलतायत. पण मला ते माझ्या आधीच्या बाईंनी शिकवलं, त्यांना त्यांच्या आधीच्या बाबूंनी. शेजारच्या टेबलावरच्या मुलाला मी शिकवलं. मी घरचं वाक्य ऑफिसात नेलं नाही, ऑफिसातलं घरी आणलं. ऑफिसच्या लाईनवरचे फोन रेकॉर्ड होतात. कुठलाही ऐका. माझा नको असेल तर दुसऱ्या टेबलावरचा ऐका."

साहेब म्हणाले की हे विषयाला सोडून आहे. अधिकारी बाईंनी टॉर्चवाल्यांकडे वळून विचारलं, "तुम्ही घरी जाता तेव्हा वस्तू हललेल्या असतात की जागच्या जागी?"

टॉर्चवाल्यांना प्रश्न साधा वाटला. "जागच्या जागी असतात, मॅडम. आमच्या कंपनीचे ग्राहक चांगले आहेत, सांगितलेलं पाळतात."

आपण काय बोललो ते टॉर्चवाल्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग ते बॅगेत काहीतरी शोधू लागले.

अधिकारी बाईंनी रेकॉर्डिंग मागवली. पुढच्या तारखेला त्यांनी स्वतः निवडलेले फोन ऐकले, काही ताईंचे, काही चष्मेवाल्याचे, आणि प्रत्येकात शेवटी तेच वाक्य, तेवढ्याच मायेने म्हटलेलं. निकालात त्यांनी लिहिलं की जे वाक्य कंपनीच्या टेबलावरून रोज बोललं जातं ते कंपनीचंच. वन्संचा दावा पूर्ण द्यावा. यापुढे टेबलावरून काय सांगायचं ते कंपनीने लिहून ठेवावं; पाहणी लवकर होणार नसेल तर फोटो काढून घर आवरायची मुभा घरमालकाला तोंडी आणि लेखी द्यावी. आणि 'हात लावू नका' असं सांगितल्यानंतर ज्यांचे ज्यांचे दावे काळजी न घेतल्याच्या कारणाने नाकारले गेले, ते सगळे पुन्हा उघडावेत.

वन्संनी निकाल वाचला, घडी घातली, आणि एवढंच म्हणाल्या, "बघ, सगळ्या खाटा." मग थोड्या वेळाने: "जेवायला थांब. पण तुला सोफ्यावर बसावं लागेल, खुर्च्यांवर गवंड्याचं सामान आहे."

हॅलोताईंची नोकरी गेली नाही. एवढ्या निकालानंतर ती घालवणं कंपनीला शोभलं नसतं. पण टेबल गेलं. सगळे जुने फोन ऐकून कुणाकुणाला काय सांगितलं होतं ते शोधायला माणूस हवा होता, आणि साहेबांनी त्यांचं नाव सुचवलं. शिक्षा म्हणावी तर पगार तोच, बढती म्हणावी तर खोलीला खिडकी नाही. "तुमचाच आवाज आहे, तुम्हाला पटकन ओळखू येईल," साहेब म्हणाले. ते टोचून म्हणाले की सरळ, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता.

खोलीत एक टेबल, एक संगणक, आणि तारेचा हेडफोन. तार आखूड होती. फिरता येईना. हॅलोताई दिवसभर स्वतःला ऐकू लागल्या. आपला तरुण आवाज, आपला दमलेला आवाज, आपण सर्दीत बोललेला आवाज. आणि प्रत्येकाच्या शेवटी ते वाक्य. त्याहून अस्वस्थ करणारं होतं ते त्यापुढचं, जे त्यांनी त्या वेळी ऐकलं असूनही ऐकलं नव्हतं. "बरं ताई." "म्हणाल तसं." "मुलांना आत जाऊ देत नाही मग." "आईची गादी आहे हो ती, तरी नको?" आणि त्यांचा स्वतःचा आवाज, मायेने: "तरी नको." काही नंबर आता लागत नव्हते. काही घरांत दुसरेच लोक राहत होते. ज्यांचा नंबर लागला त्यांतले काही संशयाने बोलायचे, काही शिव्या द्यायचे, आणि दोघांनाही त्या "बरोबर आहे तुमचं" म्हणायच्या.

एका दुपारी एका बाईच्या जुन्या फोनचं रेकॉर्डिंग लागलं. बॉयलर फुटून स्वयंपाकघर भिजलेलं. बाई म्हणत होती, "ताई, मी पुसायला घेतलंच होतं. पण तुम्ही म्हणताय तर बादली ठेवते खाली." मग बादली ठेवल्याचा आवाज, पत्र्याचा, स्पष्ट. आणि फोन बंद.

हॅलोताईंनी ते पुन्हा ऐकलं. फाईल काढली, दावा नाकारलेला होता. हेडफोन काढून त्या उठल्या, टेबलाला वळसा घातला, परत आल्या, आणि उभ्यानेच नंबर फिरवला. पलीकडे उचलायला वेळ लागला.

"कोण?"

"हॅलो, मी विमा कंपनीतून बोलतेय. तुमच्या स्वयंपाकघराचा दावा होता..."

"तो तर तुम्ही नाकारलात."

"हो. चूक आमची होती. मी सांगितलं होतं तुम्हाला हात लावू नका म्हणून. तो दावा आम्ही पुन्हा उघडतोय."

हॅलोताईंना वाटलं, आता शिवी येणार किंवा फोन आपटणार. दोन्हीची त्यांनी तयारी ठेवली.

"थांबा हं," बाई म्हणाली. "गॅसवर काहीतरी आहे, तेवढं उतरवते. मग नीट सांगा मला, पहिल्यापासून."

पावलं दूर गेली. हॅलोताई फोन कानाला लावून थांबल्या.